पेरूची बी, आतड्यातल्या पिशव्या आणि ज्वारीची भाकरी

या वेळच्या पत्रांत पोटाचीच पत्रं जास्त आलीत, आणि त्यातली तीन-चार एकाच दुखण्याभोवतीची. म्हणून अख्खा कॉलम त्यालाच दिलाय.

प्रश्न : डॉक्टर, आमच्या ह्यांचं वय 61. दोन महिन्यांमागं संडासला रक्त पडलं म्हणून दुर्बिणीतून आतडं तपासलं. रक्त मूळव्याधीचंच निघालं, पण मोठ्या आतड्यात डावीकडं बारक्या बारक्या पिशव्या आहेत म्हणून सांगितलं. डॉक्टर म्हणाले आत्ता काही औषध नको. पण नणंद म्हणतात बी असलेलं काही द्यायचं नाही, बी पिशवीत अडकली की आतडं फुटतं. मी पेरू, टोमॅटो, वांगं, काकडी, तीळ, शेंगाची चटणी सगळं बंद केलं, भाकरी पण बंद केली. दोन वेळा मऊ भात आणि सकाळी दूध-ब्रेड. आता तीन-तीन दिवस त्यांना साफ होत नाही. माझं काही चुकतंय का? (एक वाचक भगिनी, निपाणी)

उत्तर : वहिनी, तुम्ही जीव लावून करताय हे पत्रातनं दिसतंय, पण जे बंद केलंय त्यातलं जवळजवळ सगळं परत सुरू करायचंय, म्हणून नीट वाचा.

त्या पिशव्या म्हणजे काय ते आधी सांगते. मोठ्या आतड्याच्या भिंतीत जिथनं रक्तवाहिन्या आत शिरतात तिथं स्नायूचा थर जरा कमजोर असतो. मळ कोरडा आणि थोडासाच असला की तो पुढं ढकलायला आतड्याला जोर काढावा लागतो, आत दाब वाढतो, आणि वर्षानुवर्षं असं झालं की जुन्या टायरच्या चिरेतनं ट्यूब फुगून बाहेर यावी तसं आतलं अस्तर त्या कमजोर जागेतनं बाहेर फुगतं. दाब हे एकच कारण नाही, वय आहे, अनुवंश आहे, पण दाब हे मोठं कारण आहे. ह्याला डायव्हर्टिक्युलोसिस म्हणतात. पन्नाशी-साठीनंतर हे खूप जणांत सापडतं आणि बहुतेकांना आयुष्यभर त्याचा काही त्रास होत नाही. त्रास तेव्हा, जेव्हा एखाद्या पिशवीला सूज येते. त्याला डायव्हर्टिक्युलायटिस म्हणतात, आणि पिशव्या असलेल्या शंभर जणांत पाच जणांनाही तो होत नाही. तुमच्या ह्यांना पिशव्या आहेत, सूज नाही. हा फरक नणंदबाईंना पण सांगा.

आता बियांचं. ही भीती फक्त आपल्याकडची नाही, डॉक्टरलोकच कित्येक वर्षं पेशंटना सांगायचे की बी, दाणे, पॉपकॉर्न खाऊ नका, ऐकायला पटतं म्हणून. पण तपासून कुणी बघितलं नव्हतं. मग अमेरिकेत 47 हजारांवर पुरुषांचं खाणं 18 वर्षं नोंदवलं, त्यात डेंटिस्ट होते, फार्मासिस्ट होते, जनावरांचे डॉक्टर होते, आणि 2008 मध्ये निकाल छापून आला. दाणे, मका, पॉपकॉर्न खाणाऱ्यांना सूज जास्त आली नाहीच, उलट दाणे आणि पॉपकॉर्न जास्त खाणाऱ्यांत ती कमी दिसली. तेव्हा शेंगाची चटणी, कारळ्याची चटणी, तीळ, पेरू, सगळं द्या. दात कमजोर असतील तर चटणी बारीक कुटा, पेरू चिरून द्या, एवढंच.

खरी काळजी तुमच्या भात-ब्रेडची आहे. आपल्याकडच्या अन्नघटकांच्या तक्त्यात बघा, 100 ग्रॅम पांढऱ्या तांदळात चोथा म्हणजे फायबर जेमतेम 3 ग्रॅम, मैद्यातही तेवढंच, आणि ज्वारीत 10, नाचणीत आणि न चाळता वापरलेल्या गव्हाच्या पिठात 11. मोठ्या माणसाला दिवसाला 25 ते 30 ग्रॅम लागतो. दोन भाकऱ्या बंद केल्या म्हणजे दिवसाचा तिसरा हिस्सा तिथंच गेला, आणि वर भाज्या-फळंही गेली. तीन दिवस साफ होत नाही त्याचं कारण हेच, आणि कुंथायला लागलं की दाब परत वाढणार, म्हणजे जे टाळायला निघालो तेच घरात आणतोय. शिवाय त्यांना मूळव्याधही आहे, कुंथण्यानं तीही चिडणार.

डेनिस बर्किट नावाचे एक सर्जन युगांडात बरीच वर्षं काम करत होते, तिथल्या लोकांच्या जेवणात चोथा भरपूर आणि हे दुखणं तिथं फार क्वचित, ब्रिटनमध्ये मात्र घरोघरी. 1971 मध्ये त्यांनी आणि नील पेंटर यांनी लिहिलं की हे चोथ्याच्या कमतरतेचं दुखणं आहे. नंतरच्या अभ्यासांत चित्र एवढं सरळ राहिलं नाही, चोथा खाणाऱ्यांतही पिशव्या दिसतात, पण त्या पिशव्यांनी आजारी पडून दवाखान्यात जायची पाळी चोथा खाणाऱ्यांवर कमी येते हे पुन्हापुन्हा दिसलंय. झालेल्या पिशव्या जेवणानं जाणार नाहीत, त्या तशाच राहतात, त्या शांत राहाव्यात म्हणून सगळी खटपट.

म्हणून भाकरी आणा ताटात. हुलग्याचं माडगं करा, मोडाची मटकी, अळसांदे, मेथी, अंबाडी, शेवग्याचा पाला जे मिळेल ते. आपल्या बेळगाव भागात रताळी एवढी पिकतात आणि आपण ती एकादशीलाच खातो, तसं करू नका, नेहमी उकडून द्या. पण एकदम नको, पुढचं पत्र वाचा म्हणजे कळेल का ते. आणि रक्त परत पडलं तर मूळव्याधच असेल म्हणून घरी बसायचं नाही, दाखवायचं.

प्रश्न : मॅडम, मोबाईलवर बघून मी रोज सकाळी कोंडा आणि रात्री दोन मोठे चमचे इसबगोल सुरू केलं, शिवाय दोन्ही वेळा कडधान्य. आठ दिवसांत पोट नगाऱ्यासारखं फुगलं, गॅस इतका की ऑफिसात बसता येईना. सगळं सोडलं. चोथा मला मानवत नाही का? (एक वाचक, बेळगाव)

उत्तर : मानवतो, घाई मानवली नाही. मोठ्या आतड्यातले जंतू चोथ्यावर जगतात, त्यांना अचानक दुप्पट-तिप्पट खाणं मिळालं की गॅस होणारच. आठवड्याला एकच गोष्ट वाढवा, आधी एक चपाती काढून भाकरी, मग एक फळ, मग अर्धी वाटी उसळ, असं महिना-दीड महिना लागू दे. कडधान्य भिजवून मोड आणून शिजवा. इसबगोल एक चमच्यापासून, आणि भरलेला ग्लास पाण्याबरोबरच, कारण ते पाणी ओढून फुगतं, कमी पाण्यात घेतलं तर अडकायची भीती असते. गिळायला त्रास असणाऱ्यानं ते घेऊ नये, बाकी गोळ्या चालू असतील तर दोन तासांचं अंतर ठेवा. पाणी दिवसभर थोडं थोडं पीत राहा, किडनी किंवा हार्टचा त्रास असेल तर किती प्यायचं ते आपल्या डॉक्टरला विचारा. कोंडा सोडलात तरी चालेल, भाकरी पुरे.

प्रश्न : माझी आई 58 वर्षांची, सकाळी मिसरी लावल्याशिवाय तिला संडासला होत नाही, आणि गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधनं दुखण्याची गोळी रोज आणते. रोप लावणीच्या दिवसांत तर दोन-दोन. ह्याचा आतड्याशी काय संबंध आहे का? (एक वाचक, खानापूर तालुका)

उत्तर : आहे, आणि तुम्ही विचारलंत ते फार बरं केलंत, कारण ह्या गोळ्यांचं कुणी सांगतच नाही. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक जातीच्या गोळ्या रोज घेतल्या तर पिशवीला सूज येणं, तिच्यातनं रक्त जाणं, ती फुटणं, ह्या सगळ्याची शक्यता वाढते, पोटाचा अल्सर आणि किडनी वेगळीच. गोळीचं पाकीट घेऊन डॉक्टरकडं जा, गुडघ्यासाठी दुसरं काय देता येईल ते विचारा. हार्टसाठी कुणी ॲस्पिरिन लिहून दिली असेल तर ती मात्र स्वतःच्या मनानं बंद करू नका.

मिसरीतल्या तंबाखूनं आतड्याला चाबूक बसतो म्हणून तेवढ्यापुरतं होतं, मग आतडं त्याचीच वाट बघत बसतं. त्याऐवजी उठल्यावर कोमट पाणी, काहीतरी खाणं, आणि खाल्ल्यावर अर्ध्या तासात संडासला बसणं. पोटात अन्न गेलं की मोठं आतडं आपोआप हलतं, ती वेळ पकडायची. कमोड असेल तर पायाखाली पाट ठेवायचा, गुडघे वर आले की कुंथावं लागत नाही. आणि कळ आली की उठायचं, काम हातात आहे म्हणून दाबून ठेवायचं नाही. उद्यमबागच्या फौंड्रीत शिफ्टला असणाऱ्या एका तरुणानंही हेच विचारलंय, त्यालाही हेच उत्तर, मशीन दोन मिनिटं दुसऱ्याला सांभाळायला दे बाबा. बिडी-सिगारेट आणि सुटलेलं पोट ह्या दोन्हींनीही सूज येण्याची शक्यता वाढते. रविवारचं मटण बंद करा असं मी म्हणत नाही, पण आठवड्यात चार-पाच वेळा तांबडं मांस असेल तर त्यातलं निम्मं मासळी-चिकनवर आणा.

प्रश्न : माझ्या दिरांना गेल्या महिन्यात ह्याच पिशव्यांची सूज येऊन ॲडमिट केलं होतं. घरी आल्यावर सासूबाई म्हणतात भाकरी-उसळ दे, चोथा चांगला. आणि एरंडेल पण दे म्हणतात. काय करू? (एक वाचक भगिनी, चिकोडी)

उत्तर : सूज असताना चोथा नको. इथं वर लिहिलेलं सगळं उलटं होतं, म्हणून वेगळं सांगते. दुखणं असेपर्यंत डॉक्टर सांगतील तसं पातळ, वरणाचं पाणी, ताक, मग मऊ भात, ब्रेडसुद्धा चालतो, आतड्याला विसावा मिळू दे. दुखणं थांबलं, ताप गेला, की आठवड्याआठवड्यानं भाकरीकडं यायचं. एरंडेल किंवा कसलंही जुलाबाचं औषध अशा पोटाला द्यायचं नाही, सासूबाईंना माझं नाव सांगा.

ओटीपोटात, बहुतेकदा डावीकडं, एकसारखं दुखतंय, ताप आहे, उलटी होते, पोट दगडासारखं झालंय किंवा संडासवाटे भरपूर रक्त गेलं, मग दुखत नसलं तरी, तर रात्र काढू नका, लगेच दवाखाना गाठा. उजवीकडच्या पिशव्या सुजल्या तर अपेंडिक्ससारखंच वाटतं, तेही घरी ओळखता येत नाही.

आणि दिरांची आधी कधी दुर्बिणीची तपासणी झाली नसेल तर सूज उतरल्यावर साधारण 6 ते 8 आठवड्यांनी ती करायची का हे त्यांच्या डॉक्टरला नक्की विचारा. सुजेच्या आड दुसरं काही लपलेलं नाही ना, ते तेव्हाच बघतात.