अडीच वर्षांची मुलगी दिवसाला लिटरभर दूध पिते, पण जेवत नाही. मोबाइल दाखवून भरवावं लागतं. पुढे तब्येतीवर परिणाम होईल का?

होऊ शकतो. पण मला काळजी तिच्या कमी जेवण्याची नाही, त्या लिटरभर दुधाची आणि मोबाइलची वाटते.

या वयात दिवसाला 350 ते 500 मिली दूध पुरतं. दुधात लोह नगण्य असतं, त्यातलं कॅल्शियम इतर अन्नातल्या लोहाच्या शोषणात अडथळा आणतं, आणि दुधानेच पोट भरल्यावर जेवणाला भूक उरत नाही. यातून रक्तक्षय होतो. रक्तक्षयाने भूक आणखी मंदावते आणि मग ‘निदान दूध तरी पिऊ दे’ म्हणून पुन्हा दूधच दिलं जातं. लोहाची कमतरता या वयात लांबली, तर मेंदूच्या वाढीचं झालेलं नुकसान नंतर औषधाने पूर्ण भरून निघेलच असं नाही. म्हणून हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा सांगणारी रक्ततपासणी) लवकर तपासून घ्या. बाटली असेल तर ती बंद करून कपाने दूध द्या, दर दोन-तीन दिवसांनी 100 मिली कमी करा. जेवणाआधीच्या दोन तासांत फक्त पाणी.

मोबाइल बघत मूल यांत्रिकपणे तोंड उघडतं. पोट भरल्याची खूण त्याला ओळखता येत नाही. हीच सवय पुढे गरजेपेक्षा जास्त खाण्याकडे नेऊ शकते. काय, कधी आणि कुठे खायचं हे तुम्ही ठरवा. किती खायचं, हे तिच्यावर सोडा. तीन जेवणं, मध्ये दोन छोटी खाणी, आणि या वेळांखेरीज एक बिस्किटसुद्धा नाही. ताट 20-25 मिनिटांनी शांतपणे उचला. पहिले काही दिवस ती रडेल, कमी खाईल. बहुतेक घरांत तिथेच माघार घेतली जाते.

पहिल्या वर्षात वजन जन्माच्या तिप्पट होतं, नंतर वर्षाला साधारण दोन किलोच वाढतं. भूक कमी होणारच. नवा पदार्थ एक चमचाभर, तिच्या ओळखीच्या पदार्थाशेजारी वाढा. तो आवडायला दहा-पंधरा वेळाही लागतात आणि जबरदस्तीने नावड पक्की होते. डाळी, कडधान्यं, अंडं किंवा मांस यांतलं काहीतरी रोज असू द्या; सोबत आंबट फळ दिलं तर लोह चांगलं शोषलं जातं.

गोडाचं आमिष मात्र नकोच. ब्रिटनमधलं साखरेचं रेशनिंग 1953 मध्ये संपलं. गर्भात आणि पहिल्या दोन वर्षांत त्या कमी साखरेच्या काळात वाढलेल्यांना मोठेपणी टाइप 2 मधुमेहाचा धोका सुमारे 35 टक्क्यांनी कमी आढळला, असं 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसतं. तुमच्या मुलीची दोन वर्षं उलटली आहेत, तरी वरून घातलेली साखर दिवसाला 25 ग्रॅमच्या आतच ठेवा. फळांचा रसही त्यातच मोजा.

वजन वाढीच्या तक्त्यावर रेषा ओलांडून खाली येत असेल, गिळताना ठसका लागत असेल, माती-खडू खात असेल किंवा खाल्ल्या जाणाऱ्या पदार्थांची यादी आक्रसत चालली असेल, तर घरगुती प्रयोग न करता लगेच बालरोगतज्ज्ञांना दाखवा.