सहाशे-सातशेव्या क्रमांकावरची टेनिसपटू पोट कसं भरते? मुलीला या वाटेला लावावं का?

तुमची मुलगी चौदा वर्षांची, सोळाखालच्या स्पर्धा खेळते, आणि पुढे काय हा तुमचा प्रश्न. तोवर ठीक होतं. पण शेवटी तुम्ही लिहिलंय, "एवढ्या खाली राहूनही या मुली का खेळत राहतात, वेळीच शहाण्या का होत नाहीत?" ते वाचलं आणि हातातली रॅकेट बाजूला ठेवली. मी त्याच मुलींपैकी एक. तुमच्या सहाशे-सातशेपर्यंतही कधी पोचले नाही, माझा सर्वांत चांगला क्रमांक आठशेच्या पलीकडचा. आता सकाळी गोव्यातल्या कांदोळीच्या एका हॉटेलच्या कोर्टवर पाहुण्यांच्या मुलांना शिकवते आणि दुपारनंतर म्हापशात बाबांच्या दुकानात बसते. म्हणजे तुमच्या भाषेत शहाणी झाले.

आधी पैशांचं. मी खेळत होते तेव्हा पंधरा हजारी, म्हणजे एकूण पंधरा हजार डॉलर बक्षिसाची सगळ्यांत खालच्या पायरीवरची व्यावसायिक स्पर्धा, जिंकणारीला २,३५२ डॉलर मिळायचे आणि मेन ड्रॉच्या, म्हणजे मुख्य स्पर्धेच्या, पहिल्याच फेरीत हरणारीला १४७. त्यातून तिथला कर कापून हातात येणार. १४७ डॉलर म्हणजे तेव्हाचे दहा हजार रुपये. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने २०१३ सालचा हिशेब काढला होता. कोचचा पैसा न धरता नुसता प्रवास, राहणं, जेवण, गटिंग (म्हणजे रॅकेटला तारा बसवणं), कपडे धुणं वगैरे एवढ्यालाच एका महिला खेळाडूला वर्षाला सरासरी ४०,१८० डॉलर लागत, आणि जमाखर्च जुळायचा तो २५३व्या क्रमांकाला. २०१८ मध्ये टेनिसमधल्या फिक्सिंगची चौकशी करणाऱ्या स्वतंत्र समितीनेही लिहिलं की नावाला व्यावसायिक म्हणवणारे पंधरा हजार, त्यातले पदरचे न घालता खेळू शकणारे अडीचशे ते साडेतीनशे. सहाशेवी मुलगी त्यात कुठे बसते ते तुम्हीच बघा. ती बक्षिसावर जगत नाही. कोणी युरोपात क्लबसाठी लीगचे सामने खेळते, कोणी रेल्वे नाहीतर आयकर खात्यात खेळाडू कोट्यातून लागते, कोणी शिकवते, आणि बहुतेकींचं पोट बाप भरतो.

आणि मधली दरी भयंकर आहे. साधारण सव्वादोनशेच्या आत आलात तर ग्रँड स्लॅमच्या क्वालिफाइंगमध्ये, म्हणजे मुख्य स्पर्धेआधीच्या पात्रता फेऱ्यांत, नाव लागतं. २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियन ओपनच्या क्वालिफाइंगमध्ये पहिल्या फेरीत हरलेल्या मुलीलाही ३५,००० ऑस्ट्रेलियन डॉलर मिळाले, म्हणजे एकोणीस लाखांच्या आसपास. तेवढ्यासाठी आमच्या वेळच्या दराने नऊ-दहा पंधरा हजारी जिंकाव्या लागतील. मी आयुष्यात एकही जिंकले नाही.

माझं पोट गटिंगने भरलं.

बाबांचं दुकान म्हापशाच्या बाजारात. कॅरमच्या सोंगट्या, फुटबॉल, पंपाच्या सुया आणि मागे एक गटिंगचं मशीन. गोव्यात जूनपासून चार महिने टेनिस कोर्टवर शेवाळ साचतं, कोणी फिरकत नाही. सगळे हॉलमध्ये बॅडमिंटन खेळायला जातात आणि आमच्याकडे रॅकेटींचा ढीग लागतो. मी बारा वर्षांची असल्यापासून पावसाळाभर त्या मशीनवर. बॅडमिंटनची तार बारीक, चोवीस-पंचवीस पाउंडाला ओढायची. टेनिसची पन्नासच्या वर. आधी उभ्या तारा, मग आडवी एक-एक वर-खाली विणत न्यायची. पॉलिएस्टरची तार ओढताना बोटाला चरचरते. रॅकेटमागे चाळीस मिनिटं.

२०१८ च्या नोव्हेंबरात मी तीन आठवड्यांसाठी इजिप्तला शर्म अल शेखला गेले, तेव्हा बॅगेत कपडे कमी आणि टेबलावर ठेवायचं, वजन लावून तार ओढणारं गटिंगचं छोटं मशीन जास्त होतं. रूम दिल्लीच्या एका मुलीबरोबर वाटून घेतली होती. तिला मी आधीच सांगून ठेवलं की रात्री खटखट होईल. दुसऱ्या दिवसापासून दाराबाहेर रांग. रॅकेटला दहा युरो घ्यायचे. युरोपातल्या मुली ताण किलोत सांगतात, आपलं मशीन पाउंडांत. तेवीस किलो म्हणजे पन्नास पूर्णांक सात. तो तक्ता मी वहीच्या मागच्या पानावर लिहून भिंतीला चिकटवला होता.

आता मुद्द्याचं. जागतिक क्रमवारीत नाव यायला तीन वेगवेगळ्या स्पर्धांत गुण लागतात, नाहीतर एकूण दहा. माझ्याकडे देशातल्या दोन स्पर्धांतले दोन गुण होते. तिसरा पाहिजे, म्हणजे मेन ड्रॉत एक मॅच जिंकायला हवी. शर्ममध्ये पहिले दोन आठवडे क्वालिफाइंगमध्येच गेले. तिसऱ्या आठवड्यात क्वालिफाय झाले. त्या संध्याकाळी रुमानियाची एक मुलगी दोन रॅकेट ठेवून गेली. चोवीस किलो, सकाळी पाहिजेत. तासाभराने ड्रॉ लागला. माझी पहिली मॅच तिच्याशीच.

रूममेट हसून हसून बेजार. म्हणाली, चार पाउंड कमी ओढ, बॉल मागच्या जाळीला जाऊन लागेल, कोणाला कळतंय? कळलं नसतंच. मशीनला आवाज असतो, पण तो फक्त मला ऐकू येतो. मी दोन्ही रॅकेट बावन्न पूर्णांक नऊला बसवल्या, गाठी मारल्या, तार कापली. दुकानातून गेलेली रॅकेट बाबांच्या नावाने जाते, भले ते दुकान समुद्रापलीकडे असो.

दुसऱ्या दिवशी वारा. शर्मचा वारा ज्याने खाल्लाय त्यालाच कळेल, टॉस टाकला की बॉल शेजारच्या कोर्टवर. पहिला सेट मी ६-४ घेतला. दुसरा तिने. तिसऱ्यात ५-४ वर माझी सर्व्हिस, ३०-१५. दोन पॉइंट. त्यातला एक डबल फॉल्ट आणि पुढचा मी लाइनवर मारायला गेले तो बाहेर. ७-५ ला गेली मॅच. नेटवर तिने हात मिळवला आणि पिशवीतून वीस युरो काढून दिले. "व्हेरी गुड स्ट्रिंग," म्हणाली. टोमणा नव्हता तो.

बाबांना फोन लावला तर ते एवढंच म्हणाले, "जेवलें गो बाय?" मग सरांना लावला. सर म्हणजे माझे कोच, पणजीचे, नाव घेत नाही. रूममेटने त्यांना आधीच गंमत म्हणून सगळं सांगितलं होतं. ते म्हणाले, "रात्री अकरापर्यंत दुसऱ्यांच्या रॅकेटी विणणारी मुलगी सकाळी मॅच कशी जिंकेल? दुकानदाराची पोर ती दुकानदाराचीच राहणार." डोकं शंभर टक्के टेनिसमध्ये पाहिजे, हे त्यांचं एकच पालुपद. याच पालुपदाखाली त्यांनी मला अठराव्या वर्षी अमेरिकेतल्या कॉलेजची स्कॉलरशिप सोडायला लावली होती. कॉलेजला गेली ती खेळातून गेली, म्हणे.

तेव्हा गप्प बसले. आता बोलते. सर, त्या तीन आठवड्यांत मी टेनिस खेळून जे कमावलं त्याच्या तिप्पट गटिंगने कमावलं, आणि परतीचं तिकीट त्या पैशांत निघालं. गटिंग नसतं तर मी तिसऱ्या आठवड्यापर्यंत तिथे टिकलेच नसते, ५-४ ची सर्व्हिस दूरच. आणि कॉलेजचं म्हणाल तर आपली ऋतुजा भोसले टेक्सास ए अँड एममध्ये शिकली, खेळली आणि २०२३ मध्ये हांगझोऊला रोहन बोपण्णाबरोबर आशियाई सुवर्ण घेऊन आली. अमेरिकेची डॅनिएल कॉलिन्स व्हर्जिनिया विद्यापीठातून पदवी घेऊन निघाली आणि २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियन ओपनची फायनल खेळली. शंभर टक्के टेनिस ही ज्याच्या घरी पैसा आहे त्याने करायची चैन आहे.

डिसेंबरात तिसरा गुण मिळाला, आणि यादीत अकराशेच्या पुढे कुठेतरी माझं नाव आलं. बाबांनी तो कागद छापून काउंटरच्या काचेखाली ठेवला. महिना व्हायच्या आत २०१९ उजाडलं आणि नवा नियम आला: पंधरा हजारीतल्या गुणांना जागतिक क्रमवारीत किंमत नाही. रात्रीत नाव गेलं. माझ्यासारख्या शेकडो जणींचं गेलं. एवढा आरडाओरडा झाला की ऑगस्टमध्ये नियम मागे घेतला आणि गुण परत धरले. पण ते सात-आठ महिने काका विचारत होते, "मग नंबर कितवा आता?" कागद मात्र बाबांनी काचेखालून काढला नाही, अजून आहे. पिवळा पडलाय.

वेळीच शहाण्या का होत नाहीत, त्याचं उत्तर म्हणाल तर बार्शीची प्रार्थना ठोंबरे बघा. एकेरीत कधी पहिल्या दोनशेत नव्हती, पण २०१६ ला सानियाबरोबर रिओ ऑलिंपिकमध्ये दुहेरी खेळली. असं काहीतरी दिसत असतं पुढे. मुलीला दुहेरी मनापासून शिकवा, हे आलंच त्यात. आपल्याकडे त्याला दुय्यम समजतात.

मुलीला या वाटेला लावावं का? मला तिचा खेळ माहीत नाही. शाळा सोडवू नका. घर गहाण ठेवू नका. अठराव्या वर्षी कॉलेजची ऑफर आली तर घ्या. तिच्या हाताला खेळाच्या आसपासचं एखादं काम असू द्या, गटिंग म्हणा, फिजिओ म्हणा.

दोन गोष्टी राहिल्या, प्रामाणिकपणासाठी लिहिते. अंकिता रैना अमेरिकेच्या कॉलेजात न जाता, पुण्यात सराव करून १६०व्या क्रमांकापर्यंत गेली, तेव्हा सरांचं सगळंच चूक असं नाही. आणि दुसरी गोष्ट सरांना मी अजून सांगितलेली नाही. त्या रात्री रुमानियाच्या मुलीच्या दोन धरून मी एकूण पाच रॅकेटी केल्या होत्या. उजव्या हाताच्या पहिल्या बोटाला फोड आला होता. तिसऱ्या सेटमध्ये तो फुटला, ५-४ च्या आधी.

तरीही डबल फॉल्ट वाऱ्यामुळे झाला.