वजन कमी करायचंय, पण दुपारी फास्ट फूडशिवाय पर्याय नाही. काय मागवावं?

तुम्ही लिहिलंय की डबा नेणं जमत नाही, कामाच्या आसपास बर्गर, पिझ्झा, सँडविचचीच दुकानं आहेत आणि वजन तर उतरवायचंय. माझंही दीड वर्ष असंच गेलं. फिरतीचं काम, भूक लागेल तिथे जेवायचं. त्या दीड वर्षात माझे ११ किलो उतरले, आणि आठवड्यातून तीन-चार दुपारी तरी हातात बर्गर नाहीतर सँडविच असायचंच.

सुरुवातीला मी शहाणपणा करून सॅलड घ्यायचो. पानं, काकडीच्या चार चकत्या, तळलेल्या पावाचे तुकडे, किसलेलं चीज आणि पुडीतलं दाट पांढरं ड्रेसिंग. ती पुडी शेवटच्या थेंबापर्यंत पिळायची, कारण त्याशिवाय पानं घशाखाली उतरत नाहीत. एकदा सहज पुडी उलटी करून बारीक अक्षरं वाचली, तर निम्म्याहून जास्त तेलच! वर चार वाजता पुन्हा कडकडून भूक, मग बिस्किटांचा पुडा. म्हणजे सॅलडच्याही कॅलरी आणि बिस्किटांच्याही. तेव्हापासून पोट भरेल असंच जेवतो.

आता थोडा हिशेब. साधा लहान बर्गर साधारण २५० ते ३०० कॅलरींचा असतो. दुपारच्या जेवणाला हे अजिबात जास्त नाही. घोळ होतो तो त्याच्या सोबत्यांमुळे. मोठ्या फ्राइजच्या ४०० च्या वर कॅलरी होतात, आणि अर्धा लिटर गोड कोल्ड्रिंकच्या २०० च्या आसपास. त्या अर्ध्या लिटरमध्ये ५० ग्रॅमच्या वर साखर असते. रोज २००० कॅलरी खाणाऱ्याने वरून घातलेली साखर ५० ग्रॅमच्या आत ठेवावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे दिवसभराचा कोटा एका ग्लासात संपला, आणि भूक होती तिथेच.

म्हणून माझ्या मते खरी लढाई काउंटरवर असते. मागे रांग, पुढे चमचमते फोटो, आणि तो मुलगा विचारतो, "सर, कॉम्बो करू का? थोडेच जास्त पडतील." भुकेल्या माणसाच्या तोंडून त्या क्षणी 'हो'च निघतं, माझ्या तर शंभर वेळा निघालंय. मग मी रांगेत उभं राहण्याआधीच वाक्य ठरवून ठेवायला लागलो: "नुसता बर्गर, मेयो नको, आणि पाणी." तो काही विचारायच्या आत हे बोलून टाकायचं. एका बर्गरने भागत नसेल तर डबल पॅटी घ्या किंवा सरळ दोन लहान बर्गर घ्या. मोठ्या कॉम्बोपेक्षा तरीही कमीच होतात, आणि प्रथिनांमुळे संध्याकाळपर्यंत तग धरता येतो.

मेयोवर एवढा राग का? कारण ते जवळजवळ तेलच. एका मोठ्या चमच्यात ९० ते १०० कॅलरी, आणि बर्गरमध्ये कधी एकच चमचा घालत नाहीत. मोहरीचं सॉस मागा, चव राहते आणि कॅलरी नावापुरत्याच. मेनूवर 'क्रिस्पी' लिहिलं असेल तर ते पिठात किंवा चुऱ्यात घोळवून तळलेलं समजा. 'ग्रिल्ड' असेल तर ते घ्या. पिझ्झा असेल तर पातळ बेस, भरपूर भाज्या, दोन-तीन तुकडे, आणि उरलेला समोरून हलवायचा. कडेत चीज भरलेला पिझ्झा म्हणजे सणासुदीचा प्रकार, रोजचा नव्हे.

फ्राइज मी सोडले नाहीत. शुक्रवारी सगळ्यात लहान पाकीट घेतो, गरम असतानाच खातो. (सहकाऱ्याच्या पाकिटातून उचललेले फ्राइजही मोजावे लागतात, हे मला फार उशिरा पटलं.)

एक गोष्ट मात्र कोणी आधी सांगितली असती तर बरं झालं असतं. या पदार्थांत मीठ खूप असतं, त्यामुळे शरीर पाणी धरून ठेवतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काटा एखादा किलो वर दिसू शकतो. ती चरबी नव्हे. मी ते बघून घाबरलो, दिवसभर उपाशी राहिलो आणि रात्री स्वयंपाकघरात उभ्या उभ्या हाताला लागेल ते खाल्लं. तुम्ही असं करू नका. नेहमीसारखं जेवा, पाणी प्या, दोन-तीन दिवसांत काटा जागेवर येतो. रोज वजन करून जीव खालीवर होत असेल तर आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी करा.

आणि हो, जेवणानंतर चहा-कॉफी लागत असेल तर साधी घ्या. वर क्रीम घातलेली कोल्ड कॉफी ही कॉफी नव्हेच, ते स्ट्रॉने प्यायचं आइस्क्रीम आहे.