पैसे असणं आणि पैसे दाखवणं

प्रश्न : मी महापालिकेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले. वय 61. पेन्शन महिना 62 हजार, माझ्या नावावर एफडी 26 लाखांच्या. मिस्टर 66 वर्षांचे, त्यांना पेन्शन नाही, अँजिओप्लास्टी झालेली आहे. फ्लॅट भाड्याने देऊन (38 हजार येतील) काही वर्षं थायलंडला, चिआंग माईत राहावं असं आमच्या मनात आहे. एजंट म्हणतो, महिना 65 हजारांचं उत्पन्न पुरतं. कमी पडलं तर तो ‘मॅनेज’ करेल. जमेल का?
— एक वाचक, मुलुंड पूर्व

उत्तर : ताई, तिथे निवृत्त म्हणून राहण्याच्या व्हिसासाठी एजंटने सांगितलेले 65 हजार रुपये नव्हेत, थाई बाट आहेत. एक बाट हिशेबासाठी पावणेतीन रुपये धरला, तर महिना पावणेदोन लाखांच्या वर जातात. पेन्शन आणि भाडं मिळून तुमचे लाख होतात. म्हणजे तो रस्ता बंद.

दुसरा रस्ता ठेवीचा. पन्नाशीपुढच्या माणसाला तिथल्या बँकेत 8 लाख बाट, म्हणजे सुमारे 22 लाख रुपये ठेवावे लागतात. खातं एकट्या तुमच्या नावाचं असू द्या. मिस्टर तुमच्यावर अवलंबून म्हणून राहू शकतात, त्यांच्यासाठी वेगळे 8 लाख लागत नाहीत. तिथल्या मुक्कामाच्या मुदतवाढीचा अर्ज करायच्या आधी दोन महिने ही रक्कम खात्यात पडून असावी लागते, मंजुरीनंतर आणखी तीन महिने. त्यानंतर निम्मी काढता येते, पण शिल्लक 4 लाख बाटच्या खाली कधीच जाता कामा नये, आणि पुढच्या वर्षीच्या अर्जाआधी पुन्हा 8 लाख भरायचे. म्हणजे तुमचे अकरा लाख तिथे असेपर्यंत अडकलेलेच.

मला काळजी वाटते ती इथेच. फोर्टमध्ये बँकेच्या परकीय चलन विभागात काम करताना मी असे बरेच अर्ज पाहिले. लोक विचारतात, ‘रक्कम पुरते ना?’ ती गेल्यावर हाताशी काय उरतं, हे फार थोडे विचारतात. तुमच्याकडे चार लाख उरतील. मिस्टरांना पुन्हा हृदयाचा त्रास झाला तर? आपले बहुतेक मेडिक्लेम भारतातल्याच उपचारांना चालतात. भारतातूनच काढायचा, निवृत्तांसाठीचा वर्षभराचा ओ-ए व्हिसा घेतलात तर 30 लाख बाटचा आरोग्यविमा सक्तीचा आहे, आणि अँजिओप्लास्टीनंतर तो मिळणं कठीण. नव्वद दिवसांचा ‘नॉन-ओ’ व्हिसा घेऊन तिथे गेल्यावर मुदत वाढवली तर विम्याची सक्ती नाही. पण सक्ती नाही म्हणून गरज संपत नाही. एकूण विचारता, यंदा जाऊ नका असंच मी म्हणेन. आधी पर्यटक म्हणून एखादा महिना राहून या, आणि निव्वळ दवाखान्यासाठी म्हणून आणखी दहा लाख वेगळे साठू द्या.

एजंटचं ‘मॅनेज’ म्हणजे काय, तेही सांगते. फी घेऊन थोड्या दिवसांसाठी दुसऱ्याचे पैसे तुमच्या खात्यात ठेवायचे. उघडकीला आलं की व्हिसा रद्द होतो आणि हद्दपारी तुमची होते, त्याची नाही. त्याला आजच नाही म्हणा.

जायचं ठरेल तेव्हा रकमेचे दोन भाग करा. एलआरएसखाली (परदेशी पैसे पाठवण्याची रिझर्व्ह बँकेची योजना) माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर पाठवता येतात, त्यामुळे मर्यादेची अडचण नाही. पण एका आर्थिक वर्षात 10 लाखांच्या वर पाठवलेल्या रकमेवर बँक 20 टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कापला जाणारा कर, घेते. 22 लाख एकदम पाठवलेत तर 2 लाख 40 हजार अडकतील. ते बुडत नाहीत, करात वळते होतात किंवा रिटर्ननंतर परत येतात, पण ऐन गरजेला हाती नसतात. दहा लाख मार्चमध्ये आणि उरलेले एप्रिलमध्ये पाठवलेत तर टीसीएस 40 हजारांवर येतो. पैसे बाहेरून आल्याचं थाई बँकेचं पत्र जपून ठेवा. आयकराच्या दृष्टीने भारतात रहिवासी असाल त्या वर्षी हे खातं रिटर्नमध्ये दाखवावं लागतं, त्यामुळे आयटीआर-1 हा साधा फॉर्म चालणार नाही. नोव्हेंबरचा हयातीचा दाखला बँकॉकच्या आपल्या दूतावासातून मिळतो.

तारखा मात्र नीट जुळवा. मार्चच्या मध्यावर तिथे उतरा, खातं उघडा आणि पहिला हप्ता 25 मार्चच्या आत पाठवा, कारण नंतर इथल्या बँकांत वर्षअखेरीची घाई असते. 1 एप्रिलला त्या बंद असतात. दुसरा हप्ता 2 तारखेलाच निघू द्या, म्हणजे जूनच्या सुरुवातीला दोन महिने भरतील आणि नव्वद दिवस संपायच्या आत अर्ज करता येईल. 13 एप्रिलपासून तिकडे सोंगक्रानच्या, म्हणजे थाई नववर्षाच्या, सुट्ट्या लागतात. त्यात रक्कम अडकली तर हा सगळा हिशेब कोलमडेल.