डोळे मिटायला सांगू नकोस

प्रिय मित्रा,

वर्गात मुलांचं मन शांत करण्यासाठी तू केलेला पंधरा मिनिटांचा आराखडा वाचला. डोळे मिटा, दीर्घ श्वास घ्या, मनात शांत तळं आणा. मीही सुरुवात अशीच केली होती. तळं कुणाच्या मनात यायच्या आत मागच्या बाकावरून कुणीतरी बारीक घोरायला लागलं आणि सगळा वर्ग हसून लोळला. तेव्हा मी चिडलो. आता वाटतं, पोरांचं काही चुकलं नव्हतं. डोळे मिटून नेमकं करायचं काय, हे मी सांगितलंच नव्हतं. शिवाय घरी काही बिनसलेलं असेल, तर मिटल्या डोळ्यांपुढे तळं येत नाही, तेच येतं.

तेव्हा डोळे उघडेच राहू देत, आणि पंधराची पाच मिनिटं कर. प्रत्येकाच्या हातात एकेक गळलेलं पान दे, शक्यतो एकाच झाडाचं. सांग, ‘हे ढिगात टाकलं तरी ओळखता आलं पाहिजे.’ थोड्या वेळाने पानं गोळा कर, मिसळ, पुन्हा शोधायला लाव. कशी माना खाली घालून बसतात बघ! शीर कुठे फुटली, किडीने कुठे कुरतडलं, देठ कुठे वळला, सगळं बोटांनी चाचपतात. एकीने तर वास घेऊन ओळखलं होतं. त्या दिवशी ‘शांत बसा’ म्हणायची वेळच आली नाही.

पान सापडलं की ते ओठांसमोर धरून फुंकायला सांग, थरथरलं पाहिजे पण जोराने फडफडता कामा नये. श्वास आपोआप लांबतो. श्वास सोडताना नाडी जराशी मंदावते, म्हणून परीक्षेआधी एवढं एकच केलंस तरी चालेल.

रेचल आणि स्टीफन कॅप्लन या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने १९८९ मध्ये निसर्गाकडे बघून थकलेलं लक्ष ताजं का होतं, याची चांगली उकल केली. गणितात लक्ष ताणून धरावं लागतं, त्याने ते थकतं. ढग, मुंगी, हलती फांदी यांच्याकडे ते आपसूक जातं आणि तेवढ्यात त्याला विसावा मिळतो. म्हणून हे अवघड तासानंतर घे.

मैदान नसेल तर खिडकी पुरे. रॉजर उलरिक या संशोधकाने १९८४ मध्ये शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या नोंदी तपासल्या. खिडकीतून झाडं दिसणारे २३ जण विटांची भिंत दिसणाऱ्या २३ जणांपेक्षा लवकर घरी गेले होते. नमुना लहान आहे, त्यावर इमले बांधू नकोस.

शेवटी ‘कसं वाटलं?’ विचारू नकोस. ‘छान वाटलं सर’ हे उत्तर तयारच असतं. ‘काय दिसलं?’ विचार.

आणि पानं गोळा करायला आदल्या दिवशी स्वतः जा. चीक येणारी, खाज सुटणारी झाडं असतात. ती आधी बघून ठेव. कुणी पान परत दिलं नाही, तर मागू नकोस.

तुझा,
सर