लाल गंज उतरवा, काळा राहू द्या
वाचकांचे प्रश्न : जपानी तलवारींच्या त्सुबा

प्रश्न : लिलावात जुनी लोखंडी त्सुबा मिळाली. व्यास साडेसात सेंटिमीटर, आरपार कोरलेली नक्षी, अंगावर नारिंगी गंजाचे ठिपके. तांब्यापितळेच्या भांड्यांसारखी चिंचेने किंवा लिंबाने घासली तर? (पुणे)

उत्तर : अजिबात नको. त्सुबा म्हणजे पाते आणि मूठ यांच्यामध्ये बसणारी चकती. तिच्या लोखंडावर दोन निरनिराळे थर असतात, आणि दोन्हींना गंजच म्हटल्यामुळे घोटाळा होतो. काळा-तपकिरी, कधी जांभळट झाक असलेला घट्ट थर कारागिराने मुद्दाम चढवलेला असतो आणि पुढे पिढ्यानपिढ्या हाताळून मुरतो. तो खालचे लोखंड सांभाळतो. जाणकार किंमत करतात तीही बरीचशी त्याच्याकडे बघून. नारिंगी गंज भुसभुशीत असतो, ओल धरून ठेवतो आणि आत आत खात जातो. घालवायचा तो एवढाच. चिंच, लिंबू, व्हिनेगर, गंज काढायची बाजारातली द्रावणे यांना हा फरक कळत नाही. दोन्ही थर जातात आणि राखाडी, उघडे लोखंड उरते.

आधी दहापट भिंगातून त्सुबा नीट पाहा. सही, सोन्याचांदीचे काम, लाखेचा थर कुठे आहे ते टिपा आणि दोन्ही बाजूंचे फोटो काढा. मग फक्त ठिपक्यांवर शिलाई मशीनचे तेल थेंबाथेंबाने लावून एक दिवस ठेवा.

खरे हत्यार म्हणजे हाड. जपानमध्ये हरणाचे शिंग आणि हस्तिदंत वापरत आले. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे त्यांच्या वाटेला जाऊ नये. म्हशीचे हाड उकळून, चरबी काढून, चांगले वाळवा. कानशीने एक टोक पेन्सिलीसारखे आणि दुसरे छिन्नीसारखे करा. पुस्तकबांधणीवाले घडी दाबायला वापरतात ती हाडाची पट्टीही चालते, पण हल्ली ती प्लॅस्टिकचीही निघते, बघून घ्या. हाड लोखंडापेक्षा मऊ असते. त्याने सैल लाल गंज चुरडून सुटतो, घट्ट काळा थर मात्र जागचा हलत नाही.

हाड साधारण तीस अंशांत टेकवून लहान लहान गोल फिरवा. तपकिरी भुकटी सुटेल, ती लगेच पुसा. नाही तर तीच घासली जाऊन आजूबाजूचा थर खरवडते. रोज दहा-पंधरा मिनिटे पुरे. नंतर अनेकदा धुतलेल्या सुती कापडाने, जुने धोतर असेल तर उत्तम, पाच मिनिटे चोळा. फडक्यावर नारिंगी डाग उमटेनासा झाला की त्या जागी थांबा. याला दोन-तीन महिने सहज लागतात. घाईने जोर लावला की उंचवटे चकाकतात आणि ती चकाकी परत घालवता येत नाही.

नक्षीच्या भोकांतून तेलात भिजवलेला सुती दोरा ओढा. खळग्यांसाठी बांबूची कामटी तासून घ्या. सुईचा मोह टाळा, तिचा ओरखडा पांढरा दिसतो. पितळी तारेच्या ब्रशने पिवळ्या रेघा उठतात, आणि त्या काढताना खालचा थरही जातो. तळाशी थोडा गंज उरलाच तर तेल लावून राहू द्या.

मधल्या भोकाभोवतीचा लंबगोल सपाट भाग, म्हणजे सेप्पा-दाइ, आणि त्यावरची सही यांना हाड लावू नका. भोकाच्या आतल्या कडाही तशाच ठेवा. त्सुबा किती जुनी, किती तलवारींवर बसली, हे तपासणारे तिथेच पाहतात. भोकात ठोकलेले तांब्याचे तुकडे (सेकिगाने) त्या बसवण्याच्याच खुणा आहेत, ते उपटू नका.

प्रश्न : उकळत्या पाण्यात टाकली की लाल गंज काळा होतो म्हणतात. खरे का? (नाशिक)

उत्तर : खरे आहे. उकळीत लाल गंजाचे काळ्या ऑक्साइडमध्ये रूपांतर होते. बंदुकीच्या नळ्या काळ्या करताना हीच युक्ती वापरतात. पण आमचा कल नकाराकडेच. जाड पापुद्रे काळे झाले तरी पापुद्रेच राहतात आणि नक्षी बुजलेलीच राहते. करायचेच असेल तर निव्वळ लोखंडी त्सुबावर, हाडाचे काम झाल्यावर, डिस्टिल्ड पाण्यात पंधरा-वीस मिनिटे. नळाच्या पाण्यातले क्षार अंगावर बसतात. बाहेर काढताच कोरडी करून तेल लावा. लाख किंवा सोन्याचे काम असेल तर हा उद्योग नकोच. चहाच्या पाण्यात उकळल्यावर येणारा निळसर काळा रंग टॅनिनचा असतो, तो जुना थर नव्हे.

प्रश्न : लोखंडावर सोन्याच्या पातळ वेली आहेत आणि त्यांच्या कडेने गंज वर येतोय. (ठाणे)

उत्तर : हे बहुधा नुनोमे-झोगान. लोखंडावर बारीक आडव्या-उभ्या रेघा खोदून त्यांत सोन्याचा पत्रा ठोकून बसवतात. राजस्थानातली कोफ्तगिरी पाहिली असेल तर लगेच ओळखाल. पत्रा फक्त त्या रेघांना धरून असतो. खालचा गंज फुगला की तो सुटतो आणि गंज घासायला गेलात की गंजाबरोबर सोनेही येते. इथे हाड नको. कामटीला कापूस गुंडाळून, तेलाचा हात देऊन कडेने फक्त लोळवा, घासू नका. पत्रा आधीच हलत असेल तर धातूच्या वस्तूंचे जतन करणाऱ्या तज्ज्ञाकडे द्या.

प्रश्न : पावसाळ्यात कोणते तेल लावून ठेवावे? लवंगेचे तेल चालते असे ऐकले. (रत्नागिरी)

उत्तर : तलवारीच्या पात्याला लावतात त्या जपानी चोजी तेलाला लवंगेचा वास असतो खरा, पण ते मुळात सौम्य तेल असते आणि लवंग त्यात नावापुरती. दातदुखीला मेडिकलमधून आणतो ते शुद्ध लवंगतेल त्सुबाला लावू नका. खोबरेलही नको, ते खवट होते, चिकट होते, धूळ धरते. शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब फडक्यावर घेऊन पुसा आणि कोरड्या फडक्याने जवळजवळ सगळे टिपून घ्या. हाताला ओशटपणा लागला तर तेल जास्त झाले. ठेवायला घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेल, आणि जेलचा रंग बदलला की ते तापवून कोरडे करा. वर्तमानपत्रात गुंडाळू नका. हाताळताना सुती हातमोजे घाला, कोकणातला घाम तर लोखंडाचा वैरीच. जून ते सप्टेंबर दर पंधरवड्याला डबा उघडून पाहा.

प्रश्न : काळ्या त्सुबावर मध्येच तांबूस डाग दिसतात, गंज आहे का? (पणजी)

उत्तर : चुंबक लावा. चिकटला नाही तर ते लोखंड नव्हे, बहुधा शाकुदो : तांब्यात थोडे सोने मिसळून, रसायनात उकळून काळे केलेले. तो डाग म्हणजे झिजलेल्या काळ्या थराखालचे तांबे. कोरड्या मऊ फडक्यापलीकडे काही करू नका. पॉलिश लावलेत तर उरलेला काळा रंगही जाईल.