आडनावाला अर्थ असतो, पण ते ठेवलं कुणी?

प्रश्न थोडक्यात असा आहे: स्मिथ म्हणजे लोहार, टेलर म्हणजे शिंपी हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण इंग्रजीबाहेरच्या आडनावांनाही असे अर्थ असतात का? आणि कोरियातल्या किमसारखं एकच आडनाव लाखो लोकांना कसं काय?

अर्थ जवळपास प्रत्येक आडनावाला असतो. फक्त तो आज ते लावणाऱ्या माणसाला लागू पडेलच असं नाही. ज्या पूर्वजाला ते पहिल्यांदा चिकटलं त्याच्यापुरता तो खरा होता. कित्येकदा तर त्याच्याशीही त्याचा संबंध नसतो, कारण नाव वहीत लिहून घेणारा कारकून वेगळाच असतो. म्हणून कोश उघडण्याआधी दोन गोष्टी विचाराव्यात: हे नाव ठेवलं कुणी, आणि कधी?

धंद्यावरून पडलेली नावं सर्वांत सोपी. एकट्या लोहाराचीच बिऱ्हाडं युरोपभर पसरलेली दिसतात. जर्मनीत तो श्मिट, फ्रान्समध्ये लफेव्र, इटलीत फेरारी, हंगेरीत कोवाच, पोलंडमध्ये कोवाल्स्की, रशियात कुझ्नेत्सोव. अरबी मुलखात हद्दाद. शर्यतीच्या गाड्यांवरचं 'फेरारी' हे नाव मुळात लोहारकामाचं आहे, आणि शर्यतीच्याच जगातला शूमाकर म्हणजे जोडे शिवणारा. थॅचर म्हणजे छपरं शाकारणारा. मार्गारेट थॅचर यांचं हे सासरचं आडनाव. माहेरच्या त्या रॉबर्ट्स, म्हणजे कुणा रॉबर्टच्या घरातल्या.

धंद्याच्या नावांत एक गंमत अशी की काही नावांनी बढती मिळवली. मार्शल हा शब्द जुन्या जर्मनिकमधल्या 'घोडा' आणि 'नोकर' या दोन शब्दांपासून बनलेला, म्हणजे मुळात मोतद्दार. पुढे राजाच्या पागेचा प्रमुख सैन्याचाही प्रमुख झाला आणि शब्दाचा रुबाब वाढला. ज्यांचे पूर्वज खरोखरच खरारा करत होते त्यांनाही तो रुबाब फुकटात मिळाला. वेब्स्टर आणि बॅक्स्टर यांचीही कथा पाहण्यासारखी आहे. इंग्रजीत '-स्टर' हा मुळात स्त्रीलिंगी प्रत्यय होता. वेब्स्टर म्हणजे विणकरीण, बॅक्स्टर म्हणजे भाजणारी, भटारीण. नंतर हे शब्द पुरुषांनाही लावले जाऊ लागले, तरी विणकाम आणि भाजकाम कोण करत असे याची खूण नावात राहून गेली.

बापाच्या नावावरून आलेली आडनावं याहून जास्त आहेत, पण प्रत्यय ओळखू आला तरच ती कळतात. जॉन्सन उघड आहे. स्कॉटिश आणि आयरिश 'मॅक' म्हणजे मुलगा, आयरिश 'ओ' म्हणजे नातू किंवा वंशज. नॉर्मन लोकांनी इंग्लंडात आणलेलं 'फिट्झ' हेही 'मुलगा'च, म्हणून फिट्झरॉय म्हणजे राजाचा मुलगा. स्पॅनिशमधला '-एझ' त्याच जातीचा: रॉद्रिगोचा रॉद्रिगेझ, सांचोचा सांचेझ, फर्नांदोचा फर्नांदेझ. जॉर्जियन भाषेत '-श्विली' म्हणजे अपत्य आणि '-द्झे' म्हणजे मुलगा. स्तालिनचं खरं आडनाव जुगाश्विली, तेव्हा तेही याच गटातलं. 'स्तालिन' हे त्याने स्वतः घेतलेलं नाव, रशियनमधल्या 'पोलाद' या शब्दावरून.

माझं आवडतं उदाहरण मात्र वेल्सचं आहे. वेल्श भाषेत 'चा मुलगा' यासाठी 'आप' म्हणत, स्वर पुढे आला की 'आब'. पूर्वी माणूस स्वतःची ओळख चार-पाच पिढ्यांपर्यंत सांगे: अमका आप तमका आप ढमका. इंग्रजी पद्धतीने एकच आडनाव लावायची वेळ आली तेव्हा हा 'आप' पुढच्या नावात विरघळला आणि त्याचं फक्त टोक उरलं. आप ऱ्हीस याचा प्राइस झाला, आप हवेल याचा पॉवेल, आप हॅरीचा पॅरी, आप रिचर्डचा प्रिचर्ड, आप ह्यूचा प्यू. आब ओवेनचा बोवेन आणि आब इव्हानचा बेव्हन. म्हणजे प्राइस आडनावाच्या माणसाचा किमतीशी काडीचा संबंध नाही. 'आडनावाचा अर्थ' म्हणून नुसता इंग्रजी कोश पाहणारा इथेच फसतो.

आणि आइसलंडमध्ये ही पद्धत अजून जिवंत आहे. विग्दिस फिन्बोगादोत्तिर या १९८० ते १९९६ तिथल्या राष्ट्राध्यक्ष होत्या. दोत्तिर म्हणजे मुलगी, आणि त्यांच्या वडिलांचं नाव फिन्बोगी. त्यांना भाऊ असेल तर त्याचं नाव '-सोन'ने संपणार. म्हणजे एकाच घरात आई, वडील, मुलगा, मुलगी यांची चार वेगवेगळी 'आडनावं'. त्यामुळे तिथली छापील दूरध्वनी पुस्तिका निघत असे तेव्हा ती पहिल्या नावाच्या क्रमाने लावलेली असायची.

गावाच्या नावांबद्दल मराठी माणसाला फार समजवावं लागत नाही. आपला '-कर' जे करतो तेच अरबीत शेवटचा '-ई' करतो: बगदादचा तो बगदादी, तिक्रितचा तो तिक्रिती. नवव्या शतकात बगदादमध्ये काम करणारा एक गणिती मूळचा अरल समुद्राच्या दक्षिणेकडच्या ख्वारिज्म प्रांतातल्या घराण्याचा, म्हणून अल-ख्वारिज्मी. लॅटिनमध्ये जाताना त्याच्या नावाचं 'अल्गोरित्मी' झालं, आणि आज संगणकाच्या प्रत्येक गप्पेत येणारा अल्गोरिदम म्हणजे, मराठीत सांगायचं तर, कुणी एक ख्वारिज्मकर.

गावाच्या नावात एक मेख आहे. गावातच राहणाऱ्या माणसाला त्या गावाच्या नावाने ओळखून कुणाचाच फायदा नाही, कारण शेजारीही तिथलाच. नाव बहुधा गाव सोडल्यावर पडतं. व्हॅन गॉखमधलं 'गॉख' हे नेदरलँड्सच्या सीमेलगतचं जर्मनीतलं गाव आहे, आणि ते घराणं प्रसिद्ध झालं डच म्हणून. हंगेरीत हॉर्वात म्हणजे क्रोएशियन, नेमेत म्हणजे जर्मन. अशी नावं कुळ सांगतात त्यापेक्षा कोण कुठून आलं ते जास्त सांगतात.

दिसण्यावरून, सवयीवरून पडलेली नावं बहुतेक टिंगलीची. टॉल्स्टॉय म्हणजे लठ्ठ. गोर्बाचेव्हच्या मुळाशी 'कुबडा' आहे, ख्रुश्चेव्हच्या मुळाशी एक भुंगा. पण सर्वांत बोचरं नाव इटलीतलं: एस्पोझितो. नेपल्समध्ये अनुन्झिआता या संस्थेच्या भिंतीत एक फिरतं लाकडी चक्र होतं. बाहेरून कुणी त्यात तान्हं मूल ठेवायचं, चक्र फिरवायचं आणि निघून जायचं. आतल्या बाया मूल उचलून घ्यायच्या. ठेवणाऱ्याचा चेहरा दिसत नसे. अशा मुलांना आडनाव मिळे एस्पोझितो, 'बाहेर ठेवलेला'. रोममध्ये त्याच कारणाने प्रोयेत्ती, 'टाकलेले'. फ्लॉरेन्सच्या संस्थेने जरा दया दाखवली. तिथली मुलं 'देल्यी इन्नोचेन्ती' झाली, निरागसांच्या घरची. एस्पोझितो हे आज नेपल्स भागातलं अतिशय सामान्य आडनाव आहे.

आता ज्या मुद्द्यासाठी मी 'कुणी ठेवलं' असं विचारायला सांगितलं तो. बाप, गाव, धंदा आणि टोपणनाव ही चार उगमस्थानं सगळेच सांगतात. पाचवं राहून जातं: सरकार. जगातल्या फार मोठ्या लोकसंख्येला आडनाव मिळालं ते कर, सैन्यभरती आणि नोंदवह्या यांच्या सोयीसाठी, आणि तेही गेल्या दीडदोनशे वर्षांत. जपानमध्ये सामान्य लोकांना आडनाव लावायची मुभा १८७० साली मिळाली आणि १८७५ साली ते सक्तीचं झालं. तानाका म्हणजे 'शेताच्या मध्ये', यामामोतो म्हणजे 'डोंगराचा पायथा'. तुर्कस्तानने १९३४ साली कायदा करून प्रत्येकाला आडनाव घ्यायला लावलं. मुस्तफा केमालला संसदेने 'अतातुर्क' दिलं आणि ते दुसऱ्या कुणी घ्यायचं नाही असंही ठरवलं. बाकीच्यांनी यिल्माझ, म्हणजे 'न डगमगणारा', अशी नावं घेतली. आपलं नाव आपणच निवडायचं म्हटल्यावर लठ्ठ किंवा कुबडा कोण निवडेल?

फिलिपिन्समध्ये तर छापील यादीच आली. स्पॅनिश राजवटीत लोकांनी संतांची आणि धार्मिक नावं इतकी घेतली होती की सगळीकडे सांतोस आणि दे ला क्रूझ. करवसुलीचा घोळ होऊ लागला. १८४९ साली गव्हर्नर जनरल क्लावेरियाने आडनावांची एक वर्णानुक्रमे केलेली सूची काढली आणि प्रांतोप्रांती तिची पानं वाटली. पान ज्या गावाच्या वाट्याला आलं त्यातली नावं त्या गावाने घ्यायची. आल्बाय प्रांतातल्या ओआस गावात म्हणूनच 'र'ने सुरू होणाऱ्या आडनावांची गर्दी आहे. अशा ठिकाणी स्पॅनिश आडनावावरून स्पॅनिश रक्त शोधणं व्यर्थ.

थायलंडची गोष्ट मराठी वाचकाला घरची वाटेल. १९१३ साली राजा वजिरावुधने आडनावाचा कायदा केला. थाई भाषेत आडनावाला 'नामसकुन' म्हणतात. त्यातलं नाम आणि कुल दोन्ही आपल्या ओळखीचे. एका घराण्याचं आडनाव दुसऱ्याने घ्यायचं नाही असा नियम, म्हणून ती नावं लांबलचक, आणि राजाने स्वतः हजारो घराण्यांना पाली-संस्कृत शब्द जोडून नावं बहाल केली. २००८ ते २०११ पंतप्रधान असलेल्या अभिसित यांचं आडनाव रोमन लिपीत वाचताना जीभ अडखळते, पण पालीतून पाहिलं तर ते आहे वेज्ज-जीव. वेज्ज म्हणजे वैद्य. घराणं वैद्यकी करणारं होतं म्हणून राजाने हे नाव दिलं.

मंगोलियात उलटा प्रवास झाला. साम्यवादी राजवटीने १९२०च्या दशकात कुळनावं बंद केली, आणि १९९०च्या दशकात ती परत लावायची वेळ आली तेव्हा अनेकांना आपलं कुळ आठवेना. मग पुष्कळांनी थेट चंगीझ खानाचं बोर्जिगिन कुळ उचललं. १९८१ साली अंतराळात गेलेल्या गुर्रागचा यांनी मात्र 'सान्सार' हे नाव निवडलं. मंगोलियनमध्ये त्याचा अर्थ अंतराळ, विश्व. मूळ शब्द बौद्ध ग्रंथांतून तिकडे गेलेला आपला 'संसार'.

किमचं उत्तर यातच आहे. कोरियात आडनाव ही मुळात वरच्या थराची मिरवण्याची गोष्ट होती. खालच्या थरांना ती घ्यायची संधी मिळाली तेव्हा त्यांनीही प्रतिष्ठित नावंच घेतली. त्यामुळे आज सुमारे पाचवा हिस्सा लोक किम, म्हणजे 'सोनं'. त्यांच्यात वेगळेपण राखायला मूळ गावाचं नाव जोडतात, गिम्हेचे किम, ग्योंगजूचे किम असं. एकाच गावच्या एकाच आडनावात लग्न करायला कायद्याने बंदी होती. १९९७ साली घटनात्मक न्यायालयाने ती घटनाविरोधी ठरवली. सगोत्र विवाहाच्या वादाची आठवण झाल्याशिवाय राहत नाही.

दोन दंतकथा वारंवार ऐकू येतात, त्या सोडून द्याव्यात. एक अशी की न्यूयॉर्कच्या एलिस बेटावर कारकुनांनी स्थलांतरितांची आडनावं बदलली. तिथले अधिकारी जहाजाची प्रवासी यादी समोर ठेवून माणसं तपासत, आणि ती यादी निघण्याच्या बंदरावर तयार झालेली असे. नावं बदलली ती बहुतांशी लोकांनी स्वतः, नंतर, नोकरीधंद्यासाठी. दुसरी अशी की नेपोलियनने १८११ साली आडनाव सक्तीचं केल्यावर डच लोकांनी चेष्टा म्हणून 'नागडा जन्मलेला' अशी नावं नोंदवली. बहुतेक डच घराण्यांकडे आडनावं आधीच होती, आणि हे नाव 'मागाहून जन्मलेला' अशा अर्थाच्या जर्मन नावाचा अपभ्रंश मानतात, म्हणजे बाप गेल्यावर झालेलं मूल.

शेवटी, प्रत्येक नावातला दुसरा शब्द आडनावच असतो असं धरू नये. इथियोपियात अबी अहमद यांचं नाव अबी. अहमद हे वडील. बातमीत 'पंतप्रधान अहमद' लिहिलं तर ते वडिलांना उद्देशून होतं. १९६० साली रोममध्ये अनवाणी मॅरेथॉन जिंकणारा अबेबे बिकिला हा अबेबेच. संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस ऊ थांत यांना ब्रह्मी रिवाजाप्रमाणे आडनावच नव्हतं. 'ऊ' हा आपल्या 'श्री'सारखा मान, आणि नाव थांत, एवढंच.